साठीनंतर हात कापू लागल्यावर चित्रकला शिकायला बसणे हा हट्ट ठरतो काय?

प्रश्न : ‘मायक्रोमीटर’, सिडको, नाशिक

सर्वांना नमस्कार. गेल्या डिसेंबरच्या अखेरीस मी सेवानिवृत्त झालो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चौतीस वर्षे काम केले आणि त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे पर्यवेक्षक होतो. या कामाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, डाय, जिग आणि फिक्श्चर (सुटे भाग घडवण्याचे साचे आणि ते धरून ठेवणारी साधने) बनवणाऱ्या माणसाच्या लेखी मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे दहा मायक्रॉन, ही सोडून देण्याजोगी चूक नसते. तेवढ्यावरून तयार झालेला जॉब बाजूला पडतो आणि तो का पडला याचा जाब द्यावा लागतो. पहिल्या पाळीची बस आजही आमच्या कोपऱ्यावरून सव्वासहाला जाते, आणि तिचा हॉर्न ऐकू आला की बस चुकली असे वाटून मी अंथरुणात उठून बसतो.

शाळेत असताना मला चित्रकलेची आवड होती. आठवीत एलिमेंटरीची परीक्षा मी चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालो. पुढे इंटरमीजिएटला बसायचे राहिले, दहावीनंतर आयटीआयला प्रवेश घेतला आणि पेन्सिलीची जागा स्क्रायबरने, म्हणजे धातूवर रेघ ओढण्याच्या टोकदार सळईने, घेतली. त्याबद्दल मनात कडवटपणा नाही, कारण त्याच कामावर घर उभे राहिले आणि दोन मुलींची शिक्षणे झाली. निवृत्तीनंतर मात्र ती जुनी इच्छा पुन्हा वर आली, म्हणून फेब्रुवारीत जलरंगांची पेटी आणली आणि घराजवळच्या एका वर्गात नाव घातले. वर्गात माझ्याखेरीज तेरा विद्यार्थी आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठी मुलगी नववीत शिकते. शिकवणाऱ्या बाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असाव्यात. त्या मला ‘काका’ म्हणतात, आणि माझ्या चुका सांगताना मुद्दाम आवाज खाली आणतात. ओरडल्या असत्या तर मला इतके लागले नसते.

अडचण अशी आहे की माझा हात कापतो. कागदावर टेकण्यापूर्वीच पेन्सिलीचे टोक थरथरू लागते. जवळचा चष्मा लावला तर समोरची वस्तू अंधूक होते आणि काढला तर कागद. मागच्या आठवड्यात तांब्याची घागर समोर ठेवून दोन तास काढलेल्या माझ्या चित्राकडे पाहून चौथीतल्या एका मुलाने अगदी प्रामाणिकपणे विचारले, ‘आजोबा, ही बादली आहे का?’ शिकाऊ मुलांच्या कामाकडे पाहून मीही वर्षानुवर्षे असेच प्रश्न विचारत आलो होतो, मात्र ते इतक्या प्रेमळ शब्दांत नव्हते.

आता मला दोन बाजूंनी दोन सल्ले मिळत आहेत. सकाळच्या फेरीतले मित्र म्हणतात, ‘वय हा केवळ आकडा आहे.’ माझे आयुष्य आकड्यांत गेले, आणि ‘केवळ’ म्हणावा असा आकडा माझ्या पाहण्यात कधी आला नाही. घरातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘आता स्वस्थ बसावे, वय स्वीकारावे.’ यांतील पहिला सल्ला मला खोटा वाटतो आणि दुसरा अपमानकारक. वय स्वीकारणे म्हणजे नेमके काय करणे? नव्याने काही शिकायला बसणे हा त्या स्वीकाराचा भाग आहे की तो नाकारण्याचा एक सभ्य प्रकार आहे? ज्यांनी साठीनंतर एखादी कला हाती घेतली, आणि ज्यांनी घेऊन सोडून दिली, अशा दोघांचेही अनुभव वाचायला मला आवडतील.


उत्तर : ‘बोरू’, पंचवटी

आपला प्रश्न वाचून मला माझा पहिला दिवस आठवला. मी एकाहत्तर वर्षांची आहे. तेहतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मोडी लिपी शिकायला बसले. ही कला आहे की विद्या, याविषयी मतभेद होऊ शकतील. बोरू शाईत बुडवून ज्याने एक ओळ तरी नीट उतरवली आहे तो मात्र या वादात पडणार नाही.

निमित्त घरगुती होते. आमचा जुन्या नाशकातील वाडा पाडायचा ठरला तेव्हा माळ्यावरून सासऱ्यांची एक पत्र्याची पेटी खाली आली, आणि तिच्यातील कागद घरातल्या एकालाही वाचता येईनात. आजेसासऱ्यांच्या पिढीपर्यंत जी लिपी रोजच्या व्यवहारात होती, ती दोन पिढ्यांत आम्हाला परकी झाली होती, आणि इतिहासाची शिक्षिका असूनही मला ती येत नव्हती, याची खरोखर लाज वाटली.

मोडीत आधी पानावर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्या रेघांना अक्षरे टांगत जातात. हात शक्यतो न उचलता लिहायचे असते, त्यामुळे अक्षरे एकमेकांत वळतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. या शेवटच्या गोष्टीने माझी फार गंमत केली. ज्या बाईने तेहतीस वर्षे मुलांचा ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा-अर्धा गुण कापला, तिला आता एकच वेलांटी पाहून ‘इ’ की ‘ई’ हे स्वतःच ठरवायचे होते. पहिले तीन महिने मला शिकण्यापेक्षा विसरण्याचे काम अधिक पडले, आणि माझ्या मते उतारवयातल्या शिक्षणाची खरी मेहनत तीच असते.

आमच्या वर्गात बहुतेक मुले विशीतली होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, परंतु मी शिकत होते तेव्हा ही मुले केवळ हौसेने येत असत. अक्षर ओळखण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी चपळ होती. आज पाठ केलेली बाराखडी मला परवा पुन्हा पाठ करावी लागे. परंतु प्रत्यक्ष कागद समोर आला की चित्र बदलत असे. सलग ओळीतून शब्द कोठे तोडायचा हे अक्षरांवरून कळत नाही, ते भाषेवरून कळते. ‘कुळ’, ‘गुदस्ता’, ‘बिघा’, ‘कारकीर्द’ हे शब्द मुलांनी कधी ऐकलेच नव्हते. मी ते ऐकलेले, वाचलेले, शिकवलेले होते. त्यांची नजर आणि माझा शब्दसंग्रह असे आम्ही जोडीने वाचू लागलो. माझी स्मरणशक्ती मंदावली आहे हे मी तेथेच निमूटपणे मान्य केले, कारण तेथेच मला हेही दिसले की मंदावले ते सगळे नव्हते.

पेटीतील पहिला कागद मी आठ महिन्यांनी पूर्ण वाचला. एखादी सनद निघेल अशी घरच्यांची अपेक्षा होती. निघाले ते दोन चुलतभावांमधील विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचे भांडण. आमच्या घराण्याचा स्वभाव किती जुना आहे, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्याच नाशिकचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये येथून जवळच असलेल्या जलालपूरचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या पुस्तकातील गद्य आजही ताजे वाटते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे एक कारण असे आहे की, आपल्याला काय येत नाही हे लपवण्याची गरज त्या वयात त्यांना उरली नव्हती. आपण वर्ग सोडू नये. मात्र बाईंना एकदा स्पष्ट सांगावे की माझ्याशी मोठ्या आवाजात बोला. शिक्षकांना हे सांगावे लागते, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.


उत्तर : ‘निवृत्त वैद्यकीय अधिकारी’, इंदिरानगर

कलेविषयी इतर मंडळी बोलतील; मी हाताविषयी आणि डोळ्यांविषयी थोडे लिहितो, कारण आपण कंप हा वयाचा दाखला मानून मोकळे झालेले दिसता आणि तपासणीविषयी एक शब्दही लिहिलेला नाही.

हाताचे कापणे अनेक प्रकारचे असते. पेन्सिल धरताना, पेला उचलताना, म्हणजे काही कृती करताना हात कापत असेल, तर तो बहुधा एक निरुपद्रवी प्रकार असतो आणि अनेकदा तो घराण्यात चालत आलेला असतो. आपल्या वडिलांचा किंवा आत्याचा हात कापत असे काय, हे आठवून पाहावे. कंपवातात साधारणपणे याच्या उलट असते, म्हणजे हात मांडीवर स्वस्थ असताना तो अधिक हलतो. याखेरीज थायरॉइडचे अतिरिक्त कार्य, दम्याची काही औषधे आणि अति चहा-कॉफी यांनीही हात कापतो. हा फरक पडद्यावर वाचून ठरवायचा नसतो, म्हणून फिजिशियनकडे एकदा जाऊन यावे. वय स्वीकारण्याच्या नावाखाली उपचार होण्याजोग्या गोष्टी अंगावर काढणारे पुष्कळ रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांत पुरुषांचा भरणा अधिक होता.

डोळ्यांचे सांगायचे तर, वाचण्याचा चष्मा हा साधारण एका हाताच्या आतील अंतरासाठी असतो. फळीवर लावलेला कागद त्याहून लांब आणि घागर त्याहूनही लांब असते. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना ही दोन्ही अंतरे टेपने मोजून, लिहून न्यावीत. आपल्या व्यवसायाला ते शोभेलही. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि त्यामुळे निळ्या रंगाच्या छटा मंद दिसू लागतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दुसऱ्या दिवशी आकाश फार निळे दिसते अशी तक्रार करत येत असत. जलरंगात काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे, म्हणजे आपण निळा रंग अकारण जास्त का लावतो याचा उलगडा होतो.

एक व्यवहारातील सूचना. कंप बोटांत आणि मनगटात जास्त जाणवतो, खांद्यात कमी. कागद मोठा घ्यावा, उभे राहून काढावे, आणि रेषा खांद्यापासून ओढावी. लहान कागदावर बारीक काम करण्याचा आग्रह हा आपल्या कारखान्याचा संस्कार आहे. चित्राला त्याची गरज असतेच असे नाही.


उत्तर : ‘धावदोरा’, नाशिकरोड

वरील सर्व उत्तरे मी लक्षपूर्वक वाचली. ‘निवृत्तीनंतर’ हा शब्द सर्वांनी इतक्या सहजतेने वापरला आहे की, गृहिणीला निवृत्ती कोणत्या तारखेला मिळते हे मला विचारावेसे वाटले. माझे वय त्रेसष्ट आहे आणि निवृत्त झाले आहेत ते माझे यजमान. त्याचा परिणाम असा की, गेली पस्तीस वर्षे दुपारी दोन ते चार हा जो वेळ निखालस माझा होता, तो त्यांच्या निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवसापासून संपला. तीनला चहा होतो, सव्वातीनला रिमोट सापडत नाही, आणि साडेतीनला ‘तू काय करते आहेस’ अशी विचारणा होते. पुरुषांनी निवृत्तीनंतर एखादा छंद जरूर लावून घ्यावा आणि तो शक्यतो घराबाहेरचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या एका कारणासाठीही, मायक्रोमीटर साहेब, आपण वर्गाला जात राहावे. आपल्या सौभाग्यवती आपल्याला हे तोंडावर सांगणार नाहीत.

मी गोधड्या शिवते. हे मला आईने शिकवले, परंतु तेव्हा ते काम होते; जुन्या लुगड्यांचे काहीतरी करायचे म्हणून उन्हाळ्यात उरकायचे. त्याकडे आवडीने पाहू लागले ती साठीच्या आसपास. गोधडीला धुऊन-धुऊन मऊ झालेले सुती कापडच लागते. आता घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या असतात. त्यांत सुई घसरते, थर एकमेकांवर बसत नाहीत आणि पांघरल्यावर ऊबही लागत नाही, म्हणून सुती साड्या मी ओळखीपाळखीच्या घरांतून मागून आणते. थर पसरून, सुरकुत्या काढून, कडा आधी टाचून घ्यायच्या आणि मग कडेने धावदोरा घालत चौकोनाच्या आत चौकोन असे मध्याकडे सरकत जायचे. चूक कडेला झाली तर मध्यभागी फुगवटा येतो आणि तो लपवता येत नाही. मग तेथे एखादे ठिगळ फुलासारखे लावून द्यायचे. माझ्या गोधड्यांवर जितकी फुले आहेत तितक्या चुका आहेत, हे घरी कोणाला ठाऊक नाही.

आई पूर्ण गोधडी जमिनीवर अंथरून, तिच्यावरच मांडी घालून शिवत असे. मीही तशीच शिवत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारला. वर्षभर मी हट्टाने खाली बसले आणि उठताना कपाटाला धरून रडले. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर मावेल एवढ्या आकाराची दुपटी शिवायला सुरुवात केली. त्या दुपट्यांवर मी जे बारीक काम करू लागले तेवढे मोठ्या गोधडीवर कधी केले नव्हते, कारण तेथे क्षेत्र संपवण्याची घाई असे. ओळखीत कोठे बाळ जन्मले की आता माझ्याकडे निरोप येतो. आकार माझ्या गुडघ्यांनी ठरवला आहे, हे मी कोणालाही सांगून टाकते.

सुईत दोरा ओवणे मात्र आता होत नाही. नात शाळेत जाण्यापूर्वी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. दहा सुया संपल्या की त्या दिवसाचे काम संपले. पूर्वी मला थांबायचे कळत नसे आणि रात्री खांदा धरत असे.


उत्तर : ‘कट्टेकरी’, गंगापूर रोड

या चर्चेत थोडा विरोधी सूर लावण्याची परवानगी असावी. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, बँकेतून निवृत्त झालो आणि गेल्या आठ वर्षांत मी काहीही निर्माण केलेले नाही. निवृत्त माणसाने चित्रे काढावीत, गाणे शिकावे, किमान एक कवितासंग्रह तरी काढावा, अशी जी अपेक्षा आजकाल निर्माण झाली आहे ती मला नोकरीतल्या वार्षिक उद्दिष्टांसारखीच वाटते. आयुष्यभर ठेवींचे आकडे गाठले, आता सर्जनशीलतेचे गाठायचे! नुसते बसता येणे हेही वय स्वीकारण्याचेच लक्षण आहे, आणि सोमेश्वरच्या काठावर तासभर काहीही न करता बसून दाखवणे वाटते तितके सोपे नाही.

शिवाय प्रत्येकाला मोकळा वेळ असतोच असे नाही. माझ्या घरी ब्याण्णव वर्षांची आई आहे. तिचे सहस्रचंद्रदर्शन होऊन अकरा वर्षे झाली. (हजार पौर्णिमांना साडेएकोणतीस दिवसांनी गुणले की एक्क्याऐंशी वर्षांना थोडे कमी पडतात, बँकेची सवय जात नाही.) तिचे औषधपाणी, जेवण, रात्रीचे उठणे हे सर्व माझ्याकडे आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना छंद का नाही असे कोणी विचारू नये.

थोरांच्या उदाहरणांबद्दलही माझी तक्रार आहे. लक्ष्मीबाईंचे उदाहरण मान्य, कारण त्या शून्यातून आल्या. परंतु अशा चर्चांत लवकरच कोणीतरी रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव काढतो, म्हणून मीच आधी काढतो. त्यांनी चित्रकला साठीनंतर गांभीर्याने हाती घेतली आणि १९३० मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते जवळजवळ एकोणसत्तर वर्षांचे होते, हे खरे आहे. परंतु ती चित्रे आकाशातून पडली नव्हती. हस्तलिखितातील खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडता-जोडता त्यांतून आकृत्या तयार होत गेल्या, आणि ही सवय त्यांना आधीपासून होती. म्हणजे नवे म्हणून जे दिसले ते जुन्या कामाच्या समासात पडून होते. तेव्हा मायक्रोमीटर साहेब, बाजारातून आणलेल्या रंगपेटीत शोधण्याआधी आपल्या चौतीस वर्षांच्या समासात काही पडलेले आहे काय, ते पाहावे, असे मला सुचवायचे आहे.

माझे म्हणाल तर, महिन्यातून एका शनिवारी बहीण आईजवळ थांबते आणि मी नांदूरमध्यमेश्वरला जातो. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झाल्यामुळे एसटीला अर्धे तिकीट पडते. निफाडच्या बाजूने चापडगावापर्यंत पोहोचायला थोडी यातायात होते, पण गर्दी नसते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हा बंधारा सिंचनासाठी बांधलेला. त्यात वर्षानुवर्षे गाळ साठत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती वाढल्या. पाणी साठवण्याच्या दृष्टीने तो निकामी होत गेला आणि त्याच गाळावर पक्षी आले. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. मी तेथे जाऊन काही करत नाही. चमचा, राखी बगळा, जांभळी पाणकोंबडी असे जे दिसेल ते तारीख, वेळ आणि संख्येसह वहीत उतरवतो, कधी चोचीचा आकार विसरू नये म्हणून शेजारी काढून ठेवतो, आणि घरी आल्यावर आईला वाचून दाखवतो. तिला आता माझे नाव कधीकधी आठवत नाही, परंतु ‘आज चमचे किती होते?’ हे ती न चुकता विचारते.


उत्तर : ‘धावदोरा’, नाशिकरोड

कट्टेकरी यांस : आठ वर्षांच्या त्या वहीला आपण ‘काहीही निर्माण केलेले नाही’ म्हणता, हे वाचून मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. ते हसले आणि मग चहा मागितला.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद, सहा आठवड्यांनंतर : ‘मायक्रोमीटर’, सिडको

उत्तर द्यायला उशीर झाला याबद्दल सर्वांची क्षमा मागतो. उशिराचे एक कारण म्हणजे मी डॉक्टरसाहेबांची सूचना अक्षरशः पाळली. तपासण्या झाल्या, थायरॉइड ठीक आहे, कंप निरुपद्रवी प्रकारातला आहे, आणि माझ्या थोरल्या काकांचा हात असाच कापत असे हे आईने सांगितले. आम्ही सारे भाऊ त्यांना लहानपणी घाबरट समजत होतो. चष्म्यासाठी दोन्ही अंतरे टेपने मोजून नेली तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी तो कागद जपून ठेवला.

बोरूताईंच्या सांगण्यावरून मी बाईंना माझ्या चुका मोठ्याने सांगण्याची विनंती केली. त्यांनी ती इतक्या तत्परतेने अमलात आणली की पहिल्या दिवशी मला किंचित पश्चात्ताप झाला. परंतु आता मुलेही माझ्या चुका सांगतात आणि मी त्यांच्या सांगतो, त्यामुळे वर्गात मी पाहुणा राहिलेलो नाही.

सर्वांत जास्त विचार करायला लावले ते कट्टेकरी यांच्या ‘समासा’ने. टूलरूममध्ये एखादी अवघड रचना शिकाऊ मुलाला समजावून द्यायची असली की मी खडूने जमिनीवर, कधी जॉबकार्डाच्या मागे, तर कधी मशीनच्या पत्र्यावर ती काढून दाखवत असे. पट्टी नाही, माप नाही. कोणता भाग कशात बसतो आणि बल कोणीकडून येते एवढे त्याला कळले की पायाने पुसून टाकायचे. अशी किती चित्रे मी काढली असतील त्याचा हिशेब नाही. हात तेव्हाही कापत असला पाहिजे, कारण डॉक्टर म्हणतात हा प्रकार एका रात्रीत येत नाही. माझ्या ते कधी लक्षात आले नाही आणि कोणा मुलाच्याही आले नाही. वर्गात मी घागर काढत होतो ती तपासणीला पाठवायच्या जॉबसारखी. ती कोणाला समजावून सांगायची आहे, अशा भावनेने काढून पाहिली, कागद अर्ध्या इम्पिरियल आकाराचा घेतला, उभा राहिलो आणि खांद्यापासून हात चालवला. घागर अजूनही एका बाजूला झुकते, पण तिला आता कोणी बादली म्हणत नाही.

धावदोराताईंचे दुपट्याविषयीचे लिखाण मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्यांनी ते काहीही न बोलता दोनदा वाचायला लावले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार मी घराबाहेर असावे असे ठरले. त्यामुळे आता मी फळी आणि घडीचा स्टूल घेऊन गोदाघाटावर जातो. सध्या दुतोंड्या मारुती काढतो आहे. पाऊस लागल्यापासून पाण्याची पातळी रोज वेगळी असते. पूर किती आला हे नाशिककर या मूर्तीच्या कमरेवरून आणि छातीवरून सांगतात, म्हणजे माझ्या लेखी ते गेजच, मापनाचे साधनच आहे; आणि गेज काढायचे म्हटल्यावर मला त्याच्या मापांत शिरायचा मोह होतो, तो रोज आवरावा लागतो. आतापर्यंत सात चित्रे झाली आहेत. पाचव्यात निळा रंग फार झाला आहे. हा दोष माझा की डोळ्यातील भिंगाचा, हे डॉक्टरसाहेबांनी प्रत्यक्ष पाहूनच सांगावे.

एक विनंती आहे. काळ्या दगडाची ओली पायरी जलरंगात काढताना माझ्याकडून ती नुसती काळी होते, आणि प्रत्यक्षात ती काळी दिसत नाही. ढगातून थोडे ऊन पडले की तिच्यात जांभळट काहीतरी येते. हे कोणाला साधले असल्यास कोणते रंग मिसळावेत ते कळवावे. येत्या रविवारी मी दुपारऐवजी सकाळी सातला घाटावर जाणार आहे. धरणातून पाणी सोडले नसेल तर मारुतीसमोरच असेन. सोडले असेल तर वरच्या पायऱ्यांवर शोधावे.